मंगळसूत्र मोडण्याआधी बाईला हे कळू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या नाशिक आवृत्तीत लोकअदालतीची बातमी वाचली. किती दावे तडजोडीने मिटले, किती रक्कम वसूल झाली, हे ठळक अक्षरात होते. बातमीच्या अगदी शेवटी एक ओळ होती, गरजूंनी मोफत विधी सेवेचा लाभ घ्यावा अशी. ती ओळ वाचून मी हे पत्र लिहायला बसले. ज्या बायकांसाठी ती ओळ आहे, त्यांतल्या कितीतरी जणी माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून जातात. त्या माझ्यापर्यंत येतात तोवर हातातले पैसे संपलेले असतात.

मी जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिंग करते. आधी हे काम यजमान करायचे. ते २००४ मध्ये गेले. त्यांचे गोदरेजचे मराठी मशीन, पत्र्याची पेटी, कार्बन पेपरची दोन पाकिटे आणि दोन लहान मुले माझ्या वाट्याला आली. मराठी टायपिंगची परीक्षा मी लग्नाआधीच पास झाले होते. म्हणून दिवस घालून झाल्यावर महिनाभरात मीच त्यांच्या जागेवर येऊन बसले. आता मशीन घरी कपाटावर आहे, टेबलावर संगणक आणि प्रिंटर आहे. बायका माझ्याकडे जास्त येतात, कारण काही गोष्टी बाईलाच सांगता येतात. वकील मजकूर तोंडी सांगून निघून जातात, आणि मग त्या खऱ्या बोलायला लागतात.

पोटगीच्या अर्जाची भाषा ठरलेली असते. ‘अर्जदार ही सामनेवाला यांची कायदेशीर विवाहित पत्नी आहे’ इथून सुरुवात. मग सामनेवाला याने अर्जदारास सुरुवातीचे सहा महिने चांगले नांदवले. त्यानंतर माहेरहून पैसे आणावेत या कारणावरून शारीरिक व मानसिक छळ. आणि शेवटी नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढून दिले. सुरुवातीला मला वाटायचे, ही वकिलांच्या हाताला लागलेली सवय आहे. मग एक बाई आली. तिला पहाटे घराबाहेर काढले तेव्हा अंगावर गाऊन होता. त्यावर दोरीवरचा टॉवेल ओढून ती म्हसरूळहून फुलेनगरला आईकडे चालत गेली होती, पायात चप्पलही नव्हती. त्या दिवसापासून ते शब्द टाईप करताना माझा हात थोडा थांबतो.

आता जिच्यामुळे हे पत्र लिहिते आहे तिच्याबद्दल. गेल्या वर्षी पितृपक्षात आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, सिडकोत भाड्याची खोली, अंबडच्या एका कंपनीत कंत्राटदाराकडून पॅकिंगचे काम, पगार हातात साडेनऊ हजार. सहा वर्षांची मुलगी. नवरा वर्षभरापूर्वी निघून गेलेला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळी कागदपत्रे होती: लग्नपत्रिका, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला, सरकारी दवाखान्याचे दोन कागद आणि सराफाची पावती. मंगळसूत्र मोडले होते. त्यातले पंधरा हजार एका वकिलाला दिले होते. सात महिने झाले, फोन केला की ‘तारीख पडली की कळवतो’ एवढेच उत्तर. मी आतल्या माणसाला विचारून पाहिले, तर तिच्या नावाचा अर्जच दाखल झालेला नव्हता.

तिला माझ्याकडून एक अर्ज टाईप करून हवा होता, त्या वकिलाकडून पैसे परत मिळावेत म्हणून. मी म्हटले, ते नंतर बघू, पण तुम्हाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, माहीत आहे का? तिने जे उत्तर दिले ते तसेच्या तसे लिहिते. ‘मावशी, ते पिवळ्या कार्डवाल्यांना. माझं केशरी आहे. आणि मी तर पगार घेते, मला कोण देणार?’

हे ती एकटीच म्हणत नाही. धुणीभांडी करणारी म्हणते, शिक्षिका म्हणते, पंचवटीत फुलांचे हार विकणारी म्हणते. प्रत्येकीला वाटते, हे कोणा दुसरीसाठी आहे. म्हणून मी इथे स्पष्ट लिहिते, आणि आपण ते छापाल अशी आशा करते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये कोणाला मोफत वकील मिळेल याची यादी आहे. त्या यादीत ‘स्त्री किंवा मूल’ असे सरळ लिहिले आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. पिवळे कार्ड, केशरी कार्ड, पांढरे कार्ड, काहीही असो. पगार असो वा नसो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांनाही उत्पन्न न पाहता हा हक्क आहे. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, आपल्या महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपये.

हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. माझे लग्न त्याच वर्षीच्या मे महिन्यातले. म्हणजे माझा संसार आणि हा कायदा एका वयाचे आहेत. माझी मुले मोठी होऊन कामाला लागली, तरी अंबडच्या कंपनीत रोज आठ तास उभे राहणाऱ्या बाईला हा कायदा आपला आहे हे कोणी सांगितलेले नाही.

इथे मला माझाही दोष कबूल केला पाहिजे. मी स्वतः कितीतरी वर्षे कोणाला काही सांगितले नाही. मोफत वकील देणारे विधी सेवा कार्यालय कोर्टाच्या आवारात आहे हे मला माहीत होते. पण माझ्याकडे काम वकीलसाहेबांकडून येते. त्यांच्याकडे आलेल्या बाईला मी परस्पर दुसरीकडे पाठवले असे कोणाच्या कानावर गेले असते, तर दुसऱ्या दिवशी माझे टेबल रिकामे राहिले असते. दोन मुलांची शाळा होती. मी मान खाली घालून टाईप करत राहिले. त्या काळात ज्या बायका कर्ज काढून फी देत होत्या, त्यांतल्या काहींचे चेहरे मला अजून आठवतात. २०१६ च्या सुमारास एका न्यायाधीश बाईंनी भर कोर्टात, वकिलाविना उभ्या असलेल्या एका म्हातारीला विचारले, ‘आजी, तुम्हाला सरकारी खर्चाने वकील देऊ का?’ मी कागद द्यायला आत गेले होते, दाराशीच उभी होते. त्यानंतर मी गप्प बसायचे सोडले.

सिडकोच्या त्या मुलीला मी त्या विधी सेवा कार्यालयापर्यंत सोडायला गेले. माझ्या टेबलापासून दोनशे पावलेही नसतील. प्रिंटरवर फडके टाकले आणि निघालो. वाटेत ती दोनदा थांबली. एकदा म्हणाली, ‘फुकटचा वकील म्हणजे सरकारी दवाखान्याच्या गोळीसारखा, लागू पडेल का?’ आणि दुसऱ्यांदा विचारले, ‘आत कोणी ओरडणार तर नाही ना?’ दुसऱ्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार! ज्या मुलीला सरकारी टेबलावर कोणी ओरडेल याची भीती वाटते, तिने याआधी कुठे कुठे ऐकून घेतले असेल!

कोणी ओरडले नाही. एक विधी स्वयंसेविका बसली होती. तिने पाणी दिले, एका पानाचा अर्ज भरून घेतला, आधार कार्डाची प्रत घेतली. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी अर्ज लिहून घेतात, हेही मला तेव्हाच कळले. अशा अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे, आणि तिच्या बाबतीत तो पाळला गेला. एक तरुण वकीलताई मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितले, ‘माझी फी प्राधिकरण देतं. तुम्ही मला एक रुपया द्यायचा नाही, आणि कोणी मागितला तर मला सांगायचं.’ फी ठरवण्याआधी स्वतःहून ‘देऊ नका’ असे सांगणाऱ्या वकील मी थोड्या पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग उत्पन्न-खर्चाचे प्रतिज्ञापत्र करायला ती पुन्हा माझ्याकडेच आली. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितले की पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, देणी आणि खर्च शपथेवर लिहून द्यायचे. त्या निकालाने बायकांचे फार भले केले, कारण पूर्वी नवरा ‘मी बेकार आहे’ एवढे तोंडी म्हणून सुटायचा. पण ते प्रतिज्ञापत्र भरताना बायका काय करतात ते मी रोज पाहते. मी विचारले, घरभाडे? ‘साडेतीन हजार.’ किराणा? ती जरा थांबली. ‘दोन हजार लिहा.’ दोघींना पुरतो? ‘महिनाअखेर आई थोडे तांदूळ देते.’ दूध? ‘चहापुरतं.’ मुलीला? ‘तिला आवडत नाही.’ मुलगी बाजूलाच उभी होती, ती आईकडे बघायला लागली. औषधपाणी? ‘काही नाही.’ पिशवीत दवाखान्याचे कागद होते. मी टाईप करायचे थांबवले. म्हटले, बाळा, खर्च कमी सांगितला म्हणून कोणी तुझे कौतुक करणार नाही. कोर्ट याच कागदावरून मोजणार. जे आहे ते सांग. तेव्हा तिने डोळे पुसले आणि खरे आकडे सांगितले. त्यात मुलीच्या शाळेच्या रिक्षाचे सातशे होते, जे तीन महिन्यांपासून तटले होते.

बाईला आयुष्यभर काटकसर शिकवलेली असते. हक्काच्या कागदावरही ती काटकसरच करते. हे वकिलांनी ध्यानात घ्यावे. कोर्टात युक्तिवाद कितीही चांगला झाला तरी प्रतिज्ञापत्रात किराणा दोन हजार असेल तर न्यायाधीश तरी काय करणार?

पुढचे थोडक्यात. नवरा अंबडची नोकरी सोडून सिन्नरकडे गेला होता, त्यामुळे नोटीस बजावायला तीन महिने गेले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचे जुने कलम १२५ आता कलम १४४ झाले. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्यात आहे. पण साठ दिवस मोजायला सुरुवात नोटीस मिळाल्यावर होते, आणि पत्ता बदलणारा नवरा तीच सुरुवात लांबवतो. शेवटी आई आणि मुलगी मिळून महिना सहा हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली. तिने त्या दिवशी मला पेढा दिला नाही. म्हणाली, पैसे हातात पडले की देईन. शहाणी मुलगी आहे.

कारण हुकूम झाला म्हणजे पैसे आले असे होत नाही. दुसऱ्या एका बाईचे सांगते, नाशिकरोडच्या. तिला पोटगीचा हुकूम होऊन अडीच वर्षे झाली होती. नवऱ्याने दोन महिने पैसे दिले आणि थांबवले. ती शांत बसली. तिला वाटत होते, रक्कम साठते आहे, बँकेत साठावी तशी, मुलाच्या दहावीनंतर एकदम मागू. तिला कोणी सांगितलेच नव्हते की वसुलीचे वॉरंट हवे तर पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आधीची थकबाकी त्या वाटेने मागता येईना. हुकूम हातात देताना एका माणसाने एक वाक्य बोलले असते तर त्या बाईचे वर्ष-दीड वर्षाचे पैसे वाचले असते. हुकमाच्या प्रतीबरोबर मराठीत अर्धे पान द्यावे: पैसे आले नाहीत तर काय करायचे, किती दिवसांत करायचे, आणि वसुलीच्या अर्जालाही मोफत वकील मिळतो. अर्ध्या पानाला काय लागते? मी टाईप करून देते, पैसे नकोत.

वकील फुकट मिळाला तरी कोर्ट फुकट पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. निफाड तालुक्यातली एक द्राक्षबागेत मजुरीला जाणारी बाई दर तारखेला नाशिकला यायची. एसटीचे भाडे, वर त्या दिवसाचा रोज बुडाला, विरळणीच्या दिवसांत तर मुकादम दुसऱ्या दिवशीही घेत नसे. आणि तारखेला काय, तर सामनेवाला गैरहजर, पुढची तारीख. तिला कोणीतरी सांगितले होते की नवरा सातपूरला राहतो म्हणून केस नाशिकलाच टाकावी लागते. तसे नाही. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही पोटगीचा अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचाराचा, म्हणजे २००५ च्या कायद्याखालचा अर्ज तर बाई तात्पुरती जिथे राहते आहे तिथेही चालतो. ती माहेरी राहत होती. निफाडला कोर्ट आहे, तालुका विधी सेवा समिती आहे. दीड वर्ष ती विनाकारण हेलपाटे घालत होती.

स्टॅम्पचेही तसेच. प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागतो म्हणून बायका आधी शंभर घालवायच्या, आता पाचशे घालवतात. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्र सरकारने २००४ मध्येच मुद्रांक शुल्क माफ केले आहे. साध्या कागदावर चालते. कोर्ट फीचेही तेच. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने आपल्या राज्यात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. ज्यांना हे माहीत आहे ते बोलत नाहीत, आणि ज्यांना माहीत नाही त्या पदर सोडून पैसे मोजतात. आमच्या रांगेतल्या काही जणांना माझे हे लिहिणे आवडणार नाही. त्यांचे पोट मला कळते. पण पाचशे रुपये म्हणजे त्या बाईच्या घरातला आठवड्याचा भाजीपाला असतो.

पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलांबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिले पाहिजे. ‘फुकटचे वकील लक्ष देत नाहीत’ असे सरसकट बोलले जाते, ते मला मान्य नाही. वर सांगितलेल्या वकीलताई संध्याकाळी साडेसहाला माझ्या टेबलाशी उभ्या राहून मजकूर तपासताना मी पाहिल्या आहेत. त्यांना एका प्रकरणाचे मानधन मिळते ते खासगी फीच्या मानाने फार थोडे असते. ते वाढावे आणि वेळेवर मिळावे असे मला मनापासून वाटते. चांगल्या माणसाने किती वर्षे पदरमोड करायची? पण काही जण तारखेला ज्युनिअरला पाठवतात, अशिलाचा फोन उचलत नाहीत, हेही खरे आहे. अशा वेळी बाईने रडत घरी जाऊ नये. प्राधिकरणाकडे लेखी द्यावे, वकील बदलून मागता येतो. त्या प्रकरणांवर देखरेख ठेवायला समिती असते, तिचे कामच ते आहे.

नाशिक शहरातल्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कौटुंबिक न्यायालयात वकील असलाच पाहिजे असे नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्कही नाही, कोर्टाच्या परवानगीने वकील येतो. बाई स्वतः उभी राहून बोलू शकते. मी हे वकील नको म्हणून सांगत नाही, वकील असलेला बराच. पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेल्या बायका मला माहीत आहेत, त्यांच्यासाठी सांगते.

पुरुषांचेही मी टाईप करते. सातपूरच्या एका वॉचमनला मुलाची भेट मिळत नव्हती, दर रविवारी सासरच्या दारापर्यंत जाऊन परत यायचा. वर्षाला तीन लाखांच्या आत मिळकत असेल तर त्यालाही हाच वकील मिळतो. तो मिळाला, आता महिन्यातून दोन रविवार मुलगा त्याच्याबरोबर असतो. म्हातारे आई-बापही कलम १४४ खाली मुलांकडून पोटगी मागू शकतात. ते मात्र येतच नाहीत. आले तरी मुलाचे नाव सामनेवाला म्हणून टाईप करताना ‘राहू द्या’ म्हणून उठून जातात. त्यांना काय सांगावे ते मला अजून सुचलेले नाही.

आता माझे मागणे. छळ झालेली बाई आधी कोर्टात येत नाही. आधी आईकडे, मग अंगणवाडीच्या ताईंकडे, मग पोलीस ठाण्यात. तिथे तिला एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद मिळतो. तो कागद तिने जपून ठेवलेला असतो, चार घड्या घातलेला, पदराच्या टोकाला किंवा मोबाईलच्या कव्हरमध्ये. त्याच कागदाच्या मागे एक रबरी शिक्का मारा: ‘आपल्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, फोन १५१००.’ कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, कलम ५ मध्ये, मोफत विधी सेवेची माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्यच सांगितले आहे. तोंडी सांगितलेले त्या अवस्थेतल्या बाईच्या लक्षात राहत नाही. शिक्का राहतो. मेनरोडला दीड-दोनशे रुपयांत रबरी शिक्का करून मिळतो.

फलक लावायचे तर कोर्टाच्या आत लावून उपयोग नाही, तिथे पोचलेल्या बाईचे निम्मे पैसे गेलेले असतात. सीबीएस बसस्थानकावर जिथे बायका दिंडोरी-पेठच्या गाड्यांची वाट बघत बसतात तिथे लावा. रेशन दुकानात लावा. अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या गेटवर, जिथे कंत्राटी बायका सकाळी पाळीसाठी उभ्या असतात, तिथे लावा. बिटको चौकात, द्वारका चौकात. आणि फलकावर मंत्र्यांचे फोटो नकोत, त्या जागेत अक्षरे मोठी करा. ‘विधी सेवा’ हा शब्दही पहिल्या ओळीत नको. बायका ‘विधी’ म्हणजे लग्नाचा नाहीतर श्राद्धाचा समजतात, हे मी कितीदा ऐकले आहे. ‘फुकट वकील’ असे लिहा.

मी माझ्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी लावली आहे. गेल्या पावसात ती भिजली, नवी केली, वर प्लास्टिक लावले. एक-दोन वकीलसाहेबांनी काम देणे बंद केले. बाकीच्यांनी केले नाही, उलट एका ज्येष्ठ वकिलांनी स्वतः दोन बायका पाठवल्या, ‘यांना आत घेऊन जा’ म्हणून.

सिडकोच्या त्या मुलीची वसुलीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. पाच महिन्यांचे तीस हजार येणे आहे. वेळेच्या आत अर्ज झाला आहे, तो मीच टाईप केला.

संपादक महोदय, आपण लासलगावचा कांद्याचा भाव रोज छापता, आणि तो आमच्या जिल्ह्यातले लाखो लोक रोज बघतात. त्याच्या शेजारी चार ओळींची जागा आठवड्यातून एकदा द्यावी, एवढीच विनंती. मजकूर मी टाईप करून सोबत जोडला आहे, तो असा:

नवऱ्याने टाकले, मारले, पोटगी देत नाही, मूल भेटू देत नाही?
प्रत्येक बाईला फुकट वकील मिळतो. पगार असला तरी मिळतो. रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत.
आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा.
त्याआधी कोणाला पैसे देऊ नका, दागिना मोडू नका.

आपली विश्वासू,
एक टंकलेखिका, पंचवटी, नाशिक
(माझ्या नावावरून या बायका ओळखू येतील, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)